कंपवात : गोळी पुण्याची, दिवस गावातला

कंपवात म्हणजेच पार्किन्सनचा आजार जगभर वेगाने वाढत आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना हा आजार होता आणि २०५० पर्यंत ही संख्या २ कोटी ५२ लाखांवर जाईल. या वाढीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे माणसे जास्त वर्षे जगू लागली आहेत. भारतात २०१६ मध्ये सुमारे ५ लाख ८० हजार रुग्ण असल्याचा अंदाज आहे. म्हणजे लाखामागे साधारण ४४.

हा हिशेब पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना लावून पाहण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या साडेसात लाखांहून अधिक होती. देशाचे सरासरी प्रमाण धरले, तरी इथे कंपवाताचे तीनशेहून अधिक रुग्ण असायला हवेत. हातांचा साधा कंप, मान किंवा बोटे आपोआप पिळवटणे, स्वरयंत्राचे स्नायू आखडून आवाज तुटणे असे हालचालींचे आणि आवाजाचे इतर विकार यात धरलेले नाहीत.

यातल्या बहुतेकांना मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचे तर पुणे गाठावे लागते. दौंडकरांना रेल्वे आहे. शिरूरकरांना नगर रस्त्यावरची शिक्रापूर, वाघोलीची कोंडी पार करावी लागते. वर्षातून चार वेळा गेले आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांनी पंधरा मिनिटे दिली, तरी सगळा मिळून एक तास होतो. वर्षाचे तास ८,७६०. उरलेले सगळे तास माणूस गावात, घरात, शेतात काढतो. तो चांगला जगतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्या तासांत ठरते. आपल्या आरोग्यव्यवस्थेने मात्र त्या तासांचा विचार अजून फारसा केलेला नाही.

म्हातारपण म्हणून सोडून दिलेली लक्षणे

कंपवाताची सुरुवात हात थरथरण्यानेच होते, असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकांमध्ये आधी हालचाली मंदावतात. चालताना एक हात हलेनासा होतो. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. बँकेच्या स्लिपवरची सही बारीक होत जाते आणि जुळत नाही. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, म्हणून घरच्यांना माणूस रागावल्यासारखा वाटतो. बद्धकोष्ठता, वास न येणे, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे तर काही वेळा थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी दिसतात. ‘आता वय झाले’ या तीन शब्दांत हे सगळे झाकले जाते आणि निदान लांबते.

उलट, प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नसतो. कंपवातातली थरथर बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते. चहाचा कप उचलताना किंवा सही करताना हात कापत असेल, तर तो बहुतेक वेळा वेगळा आणि अधिक प्रमाणात आढळणारा विकार असतो. तो अनेकदा घराण्यात चालत येतो आणि त्याची औषधेही वेगळी आहेत.

तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची, कारण ती दुरुस्त होऊ शकते. काही औषधांमुळे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे येतात. चक्कर येते म्हणून महिनोन् महिने घेतलेल्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनच्या गोळ्या, पित्त आणि गॅससाठी दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमधले लेव्होसल्पिराइड, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची काही औषधे ही त्यातली परिचित नावे. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा त्याच गोळ्या घेण्याची सवय गावात आणि शहरात सारखीच आहे. म्हणून थरथर किंवा मंदपणा नव्याने सुरू झाला, तर डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. कारण औषध असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्यावर अनेकांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात.

गोळी आणि घड्याळ

कंपवातात मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. डोपामिन कमी झाले की हालचालींचे वंगण आटते. ते भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झिआस यांनी मोठ्या मात्रेत वापरून दाखवले आणि आजही तेच सर्वांत परिणामकारक आहे. या औषधाचा भारतीय मातीशीही संबंध आहे. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे १९३७ मध्ये मद्रासमधल्या संशोधकांनी दाखवले होते. मात्र यावरून घरच्या घरी कवचबीजाचे चूर्ण सुरू करू नये. बियांत औषधाचे प्रमाण कमीजास्त असते आणि गोळीच्या जोडीला चूर्ण घेतले, तर मात्रा किती गेली हे डॉक्टरांनाही कळत नाही.

लेव्होडोपाचा परिणाम काही तासच टिकतो. आजार जुना होत जातो तसा हा अवधी कमी होतो. गोळी चढलेली असताना माणूस स्वतः दाढी करतो, अंगणात फिरतो. ती उतरली की त्याच माणसाला कुशीवर वळता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे नाटक वाटते आणि ‘मघाशी तर चांगले चालत होते’ हे वाक्य अनेक घरांत भांडणाला कारण होते. आजाराचे स्वरूपच असे चढउताराचे आहे, एवढे घरातल्या सगळ्यांना कळले तरी निम्मा त्रास हलका होतो.

म्हणून गोळीची वेळ पाळणे हा उपचाराचाच भाग आहे. मोबाइलवर गजर लावावा. गोळी शक्यतो जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, कारण डाळ, उसळ, दूध, अंडी यांतली प्रथिने औषधाच्या शोषणात अडथळा आणतात. प्रथिने सोडायची नाहीत. त्यांची वेळ बदलायची. ज्यांना दुपारी त्रास होतो त्यांना दिवसा भाकरी-भाजी आणि रात्री डाळ-उसळ अशी विभागणी उपयोगी पडते. लोहाच्या गोळ्या या औषधाबरोबर घेऊ नयेत, मध्ये दोन तासांचे तरी अंतर असावे. बद्धकोष्ठतेमुळेही गोळी उशिरा लागू पडते. भरपूर पाणी, ताक, पालेभाज्या आणि रोजचे चालणे यांचा फायदा इथे दुहेरी आहे.

दोन गोष्टी मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. पहिली, गोळी अचानक बंद करायची नाही. औषध एकदम थांबले, तर ताप, प्रचंड ताठरपणा आणि जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. पुण्याहून आणलेली पट्टी संपायच्या आठवडाभर आधी नवी घरात हवी. दुसरी, उलट्या किंवा अस्वस्थपणासाठी गावातल्या दवाखान्यात जावे लागले, तर कंपवाताचे औषध चालू आहे हे आधी सांगायचे. मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉलसारखी औषधे या रुग्णांची अवस्था बिघडवतात. आजाराचे नाव, गोळ्या, वेळा आणि टाळायची औषधे लिहिलेला एक कागद आधार कार्डाच्या मागे ठेवला, तर रात्रीबेरात्री तो कामाला येतो.

पाय अडतो तेव्हा

आजार वाढल्यावर अनेकांना चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखा अनुभव येतो. दारातून आत जाताना, वळताना, गर्दीत हे जास्त होते. शरीर पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. मागून ढकलणे किंवा हात धरून ओढणे हा यावरचा सर्वांत वाईट उपाय.

मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी याच गोष्टीकडे बारकाईने पाहिले. त्यांच्या काकांना कंपवात होता. सपाट जमिनीवर त्यांना वॉकर लागायचा, पण जिना मात्र ते सहज चढायचे आणि उतरायचे. एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या पुढच्या पावलाची खूण देत असतात, हे सोनेजी यांच्या लक्षात आले. त्यांनी सपाट फरशीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र अंथरले आणि काका त्यावरून न अडखळता चालले. कप हलला तरी चहा सांडू नये म्हणून त्यांनी आतल्या बाजूला वळलेल्या झाकणाचा कपही तयार केला. २०१५ च्या ‘टेड’ व्याख्यानातून हे काम जगभर पोहोचले.

यामागचे शास्त्र सरळ आहे. आपोआप होणारी हालचाल कंपवातात बिघडते, पण डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा कानांना ऐकू येणाऱ्या खुणेवर केलेली हालचाल मेंदू वेगळ्या मार्गाने घडवून आणू शकतो. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. ओसरीपासून न्हाणीघरापर्यंत एका पावलाच्या अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवता येतात किंवा खडूने रेघा मारता येतात. पाय अडला की थांबायचे, श्वास घ्यायचा, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि समोरची रेघ ओलांडायचे मनात आणून पाऊल टाकायचे. तोंडाने ‘एक, दोन’ म्हटले, तरी तालामुळे मदत होते. दौंड तालुक्यातून यवत, वरवंडमार्गे दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी जाते. टाळांच्या ठेक्यावर पाऊल कसे आपोआप पडते, हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

व्यायामाचे पुरावे आता भक्कम आहेत. अमेरिकेत १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून तीन-चार दिवस जोरकस चालण्याचा व्यायाम सुरक्षित ठरला आणि अशा रुग्णांची लक्षणे सहा महिन्यांत कमी बिघडली. ताई ची या संथ चिनी व्यायामाने तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रमाण घटते, हे २०१२ मध्येच दिसले होते. हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारून, पण दम लागेल इतका व्यायाम गोळी चढलेल्या वेळेत करायचा, हे यातले सार.

शेतकरी घरात काही धोके वेगळे असतात. कठडा नसलेली विहीर, ओला बांध, निसरडी मोरी यांकडे नव्याने पाहावे लागते. शेतीची वीज रात्री असली, की मोटार सुरू करायला कुणीतरी उठते. शिरूर तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे. हालचाल मंदावलेल्या माणसावर रात्रीच्या पाण्याची पाळी येऊ नये, हे कुटुंबाने ठरवून टाकायला हवे. मात्र काम काढून घेताना माणूस कामातून उठवायचा नाही. हिशेबाची वही, जनावरांचा चारा, रोपांची देखभाल अशी सावकाश होणारी कामे त्याच्याकडे राहिली, तर त्याचे घरातले स्थानही राहते. अंथरुणातून उठताना काहींचा रक्तदाब एकदम उतरतो. म्हणून आधी बसायचे, मिनिटभर थांबायचे, मग उभे राहायचे.

आवाज हळू होतो, माणूस मागे पडतो

थरथर सगळ्यांना दिसते. आवाज जातो तेव्हा मात्र कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांचा आवाज पुढे हळू, सपाट आणि अस्पष्ट होतो. अडचण अशी, की बोलणाऱ्याला आपण नेहमीच्याच आवाजात बोलतो आहोत असे वाटते. त्यामुळे ‘तुम्हालाच ऐकू येत नाही’ यावरून वाद होतात. फोनवर पलीकडच्याला कळत नाही, एसटीत कंडक्टर दोनदा विचारतो, बैठकीत बोलायला सुरुवात करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. हळूहळू माणूस बोलणेच सोडतो. गावात ज्याचा शब्द चालतो त्याचे वजन असते. आवाज गेला की ते वजनही जाते.

यावर उपचार आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत ‘एलएसव्हीटी लाउड’ ही पद्धत तयार झाली. ली सिल्व्हरमन या कंपवात झालेल्या महिलेचे नाव तिला दिलेले आहे. आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे रुग्णाला फक्त एकच गोष्ट शिकवली जाते : मोठ्याने बोलणे. स्वतःला ओरडल्यासारखा वाटणारा आवाज ऐकणाऱ्याच्या दृष्टीने सामान्य असतो, हे मेंदूला पुन्हा उमगेपर्यंत सराव चालतो. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या पद्धतीने उपचार झालेल्यांचा बोलण्यातला त्रास तीन महिन्यांनी स्पष्टपणे कमी झाला. तिथल्या नेहमीच्या, अधूनमधून होणाऱ्या वाचाउपचाराचा परिणाम मात्र काहीच उपचार न केल्यासारखा निघाला. नेमकी पद्धत आणि सलग सराव या दोन्हींची गरज त्यातून दिसते.

दौंड किंवा शिरूरहून महिन्यात सोळा वेळा पुण्याला जाणे कुणालाही शक्य नाही. पण हा उपचार व्हिडिओ कॉलवरून दिला तरी प्रत्यक्षाइतकाच लागू पडतो, असे अभ्यासांत दिसले आहे. सोय नसेल त्यांनी किमान रोजचा सराव ठेवावा : दीर्घ श्वास घेऊन ‘आऽऽ’ जमेल तितका लांब आणि मोठा काढणे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे, नातवंडाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून गोष्ट सांगणे. भजनी मंडळ गावोगाव आहे. हरिपाठात बसून मोकळ्या गळ्याने म्हणणे हा श्वासाचा, आवाजाचा आणि माणसांत राहण्याचा एकत्र व्यायाम आहे. तो उपचाराची जागा घेत नाही, पण उपचारात शिकलेले टिकवतो.

आवाज घुसमटल्यासारखा, मध्येच तुटत येत असेल, तर तो स्वरयंत्राच्या स्नायूंचा वेगळा विकार असू शकतो. शिक्षक, गायक, विक्रेते अशा आवाजावर जगणाऱ्यांना त्याचा मोठा फटका बसतो आणि ‘मनाचे आहे’ म्हणून त्यांना बरीच वर्षे परत पाठवले जाते. स्वरयंत्राच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचे अगदी अल्प मात्रेतले इंजेक्शन हा यावरचा मान्य उपचार आहे. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग ते पुन्हा घ्यावे लागते. कुठल्याही कारणाने आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवे.

आवाजाबरोबर गिळणेही बिघडू शकते. जेवताना ठसका लागणे, पाणी पिताना खोकला येणे या खुणा आहेत. ताठ बसून, लहान घास घेऊन, बोलणे थांबवून खावे आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा धोका आहे.

सोबत आणि सांभाळणारे

कंपवातात नैराश्य आणि चिंता वारंवार येतात. आजार झाला म्हणून मन खचते हे खरेच, पण मेंदूतले बदलही त्याला कारणीभूत असतात. म्हणून ‘मन खंबीर ठेवा’ एवढ्यावर भागत नाही, त्यावरही औषध घ्यावे लागते. सांभाळण्याचा भार बहुतेक घरांत पत्नी किंवा सुनेवर पडतो. रात्री चार वेळा उठून कूस बदलून देणाऱ्या बाईला सकाळी कांदा लागवडीला किंवा औद्योगिक वसाहतीतल्या पाळीला जायचे असते. तिची झोप आणि तिची कंबर हाही उपचाराचा विषय आहे. आठवड्यातले काही तास तरी दुसऱ्या कुणी जबाबदारी घ्यावी, हे कुटुंबाने बोलून ठरवायला हवे.

पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ रुग्ण आणि कुटुंबीयांना एकत्र आणण्याचे काम अनेक वर्षे करत आहे. मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेली ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ स्वमदत गट चालवते. पुण्यातच नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवले. आपल्यासारखाच हात कापणारी दहा माणसे एका खोलीत भेटली, की हात खिशात लपवण्याची गरज उरत नाही. कोविडनंतर अशा भेटी ऑनलाइनही होऊ लागल्या आणि तालुक्यातल्या माणसाला दार उघडले गेले. पण ज्याला मोबाइलचा पडदा बोटाने नीट दाबता येत नाही, त्याच्यासाठी शेजारी बसणारे कुणीतरी लागतेच.

हक्क आहेत, वाट लांब आहे

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे आणि पार्किन्सन त्यात नावानिशी आहे. वाचादोषाचाही समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले, तर वैश्विक ओळखपत्राच्या म्हणजे ‘यूडीआयडी’च्या आधारे एसटीत सवलत मिळते, संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. या योजनेत दिव्यांगांचे दरमहा अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. न्हाणीघरात धरायला दांडी, दारात उतार अशी कामे त्यातून मागता येतील. ६५ वर्षांवरील, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात.

कागदावर एवढे सगळे असूनही कंपवाताचे रुग्ण त्यात मागे राहतात. एक कारण म्हणजे हा दिव्यांगत्वाचा प्रकार आहे हेच अनेकांना माहीत नाही. दुसरे कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. तपासणीला जाताना गोळी घेतलेली असते, माणूस चालत आत येतो आणि त्याचे वाईट तास मंडळाला दिसतच नाहीत. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञाची टिपणे आणि गोळी उतरलेल्या वेळी घरी काढलेला छोटा व्हिडिओ सोबत ठेवणे उपयोगाचे ठरते.

तिसरी अडचण धोरणातली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हा निर्णय मोठा आहे. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. कंपवाताचा खर्च रोजच्या गोळ्यांवर, फिजिओथेरपीवर, प्रवासावर आणि बुडालेल्या मजुरीवर होतो. पडून खुबा मोडला, तर शस्त्रक्रियेसाठी सरकार पैसे देईल. पडू नये म्हणून लागणाऱ्या व्यायामासाठी मात्र खिशातून द्यावे लागतात. हा हिशेब सरकारलाही परवडणारा नाही.

तालुक्यात काय होऊ शकते

नेदरलँड्समध्ये २००४ मध्ये हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवायला सुरुवात झाली. ‘पार्किन्सननेट’ या जाळ्यातून रुग्णाच्या घराजवळच्याच फिजिओथेरपिस्ट आणि वाचाउपचारतज्ज्ञांना कंपवाताचे खास प्रशिक्षण दिले गेले. चार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसले, की प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्यांत आजाराशी संबंधित गुंतागुंत १७ टक्क्यांना झाली आणि इतरांत २१ टक्क्यांना. खर्चही कमी आला. तज्ज्ञ तेवढेच होते, ज्ञान तेवढे घराजवळ नेले.

शिरूर आणि दौंडमध्ये अशा कामासाठी लागणारे बरेचसे सामान आधीच आहे. दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे, शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगाव आरोग्य मंदिरे आणि आशा सेविका आहेत. आरोग्य मंदिरांतून द्यायच्या बारा सेवांच्या यादीत ज्येष्ठांच्या सेवेचा समावेश आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. २००२ पासून परिसरातल्या २२ गावांतल्या घराघरांची आरोग्यनोंद तिथे ठेवली जाते आणि वृद्धत्वावरचे अभ्यासही तिथे झाले आहेत. गावपातळीवर कंपवाताचे रुग्ण शोधायचे कसे, हे शिकण्यासाठी याहून जवळची जागा नाही.

सुरुवात छोटी असू शकते. आशा सेविकेला चार प्रश्न शिकवता येतील : चालताना एक हात हलत नाही का, सही बारीक झाली का, आवाज हळू झाला का, वर्षात दोनदा पडणे झाले का. ‘हो’ आले, की चालू औषधांची पिशवी तपासून मग पुढे पाठवायचे. दर महिन्याला एक ठरलेला दिवस सरकारी रुग्णालयात हालचालींच्या विकारांसाठी ठेवता येईल आणि त्या दिवशी पुण्यातला तज्ज्ञ ई-संजीवनीसारख्या व्हिडिओ सेवेवरून जोडता येईल. तालुक्यातल्या खासगी आणि सरकारी फिजिओथेरपिस्टना आठवडाभराचे प्रशिक्षण देता येईल. लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते सरकारी रुग्णालयात बारमाही मिळाले, तर पट्टी संपली म्हणून गोळी चुकण्याचा प्रश्नच राहणार नाही.

कंपवात पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. पण योग्य वेळी घेतलेली गोळी, रोजचा दम लागेपर्यंतचा व्यायाम, मोठ्याने बोलण्याचा सराव आणि धीर धरून ऐकणारी माणसे मिळाली, तर अनेक जण निदानानंतरही बरीच वर्षे स्वतःच्या पायावर, स्वतःच्या शब्दांत जगतात. यातली एक गोष्ट पुण्याहून आणावी लागते. बाकीच्या तिन्ही शिरूर आणि दौंडमध्येच उभ्या करता येतील.